आठ थर एकदम

४ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

तुझ्या ईमेलला तुझी सेक्रेटरी उत्तर देते. "सर प्रवासात आहेत, आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे." सख्ख्या बहिणीला! म्हणून कागद घेतला. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ती बिचारी फोडायला घाबरेल, एवढीच आशा.

फिल्म पाहिली. आईने मोबाईलवर दाखवली, आणि आईला पाठवायच्या आधी तू ती अर्ध्या जगाला दाखवून झाला होतास. छान आहे. संगीत कुणी दिलं? बाबा मशीनच्या बोगद्यात सरकतायत, नाकात नळी, डोळ्यांवर चिकटपट्ट्या, आणि मागे व्हायोलिन. मग तू, निळा कोट घालून, मायक्रोफोनवर: "बाबा, उत्तर हो असेल तर उजवा हात उचलताय अशी कल्पना करा." मग मेंदूचं राखाडी चित्र, त्यात हाताच्या जागी केशरी ठिपका, खाली ठळक अक्षरांत "हो". मग तुझ्या डोळ्यांत पाणी. मग तुझ्या कंपनीचं बोधचिन्ह. क्रम अगदी बरोबर लावलास.

तीन प्रश्न, तीन उत्तरं. तुमचं काम वायरमनचं होतं का? हो. कुठे दुखतंय का? नाही. माझा अभिमान वाटतो का? हो.

सप्टेंबरात मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली तेव्हापासून ज्या माणसाने बोट हलवलं नाही, तो तू आल्याबरोबर, कॅमेरा चालू झाल्याबरोबर घडाघडा बोलायला लागला. आणि बोलला काय, तर अभिमान वाटतो! बाबांना तू शेवटचं नीट कधी पाहिलं होतंस रे? हा माणूस आयुष्यात "बरं" याच्यापुढे कधी कुणाचं कौतुक करायला गेला नाही. मला पदवी मिळाली तेव्हा "बरं". तुला परदेशची नोकरी लागली तेव्हाही "बरं", आणि वर "पंख्याचं बटण बंद करून जा."

आणि बोलायची त्यांना तशीही सवय कुठे होती? शिडीवर असायचे, दोन्ही हात तारांत, तोंडात दातांमध्ये स्क्रू धरलेले. आपण खालून विचारायचो. हो असेल तर डोळे वर. नाही असेल तर काहीच नाही, काम चालू. तू त्यातही लबाडी करायचास. ते वर छताकडे बघत असतानाच विचारायचास, "बाबा, सहलीला जाऊ?" आणि "हो म्हणाले, हो म्हणाले" करत पळायचास. तुझी कंपनी मला त्या दिवसापासून माहीत आहे.

तू दीड दिवस राहून विमान पकडलंस. त्यानंतर इथे काय झालं ते फिल्ममध्ये नाही, म्हणून सांगते. छातीत कफ साठून बाबांना दोनदा व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं हे तुला माहीत आहे. तिसऱ्यांदा तसं झालं तर घशात पुन्हा नळी घालायची नाही, त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं, असं आई आणि मी मिळून ठरवलं होतं. सोपं नव्हतं ते. आईला तयार करायला मला अख्खा जानेवारी लागला. मी नोव्हेंबरातच माझ्या जुन्या पद्धतीने त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं होतं. अडीच सेकंदांना अख्ख्या मेंदूचं एक चित्र, सावकाश, स्वच्छ. प्रश्न विचारले, वाट पाहिली. कुठे काही हललं नाही. आत कुणी नाही, हे मी आईला त्यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं, चार वेळा. आई सही करणार होती. तेवढ्यात तुझी फिल्म आली आणि तिने पेन खाली ठेवलं.

"ते आहेत गं आत," म्हणाली. "हो म्हणाले ना. तुझं मशीन जुनं आहे, ताई. त्याचं नवीन आहे."

आता ती रोज त्यांना पेपर वाचून दाखवते. हवामानासकट.

तुझी फिल्म खरी असेल तर मी बाबांना जिवंतपणी पुरायला निघाले होते. खोटी असेल तर तू एका रिकाम्या शरीराला आणखी महिनोन्‌महिने नळ्यांवर टांगून ठेवतोयस, जाहिरातीसाठी. मधलं काही नाही. म्हणून मला कच्चा डेटा पाठव. मशीनमधून निघालेला, न धुतलेला, न रंगवलेला. केशरी ठिपके तुझ्याजवळच ठेव.

ताई


११ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

मी डेटा मागितला, तू पुस्तिका पाठवलीस. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर बाबा. आत एक चिठ्ठी: "ताई, तुला प्रगती बघवत नाही. घरात हुशार तू होतीस, हे लोकांना आता कुणी सांगत नाही, त्याचा त्रास होतोय का?"

होतोय. पण कारण वेगळं आहे. पान तीनवर "वेग म्हणजेच सत्य" असं छापलंय. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला पगार देतोस की त्याच्याकडून घेतोस?

तो वेग कुठून आला हे पुस्तिकेत नाही, तेव्हा उजळणी करू. तळघरातली ती खोली आठवते? खिडकी नाही, मशीनच्या थंडाव्याने तू कानटोपी घालून बसायचास, आणि आपल्या दोघांत मिळून एक चालू खुर्ची. जुनी पद्धत मेंदूचा एकेक थर टिपत जाते, म्हणून वेळ लागतो. आपण आठ थर एकदम टिपले. आठही थरांचे सिग्नल एकावर एक येऊन पडतात, मग गणिताने ते सोडवायचे, हा या थराचा, तो त्या थराचा. गणित माझं होतं. "ताई, आठ नको, बारा घेऊ," हे तुझं होतं.

आणि मी तेव्हाही सांगितलं होतं की ही सोडवणूक कधी पुरती होत नाही. एका थरातलं थोडंसं दुसऱ्यात गळतं. आठ माणसं एकदम बोलत असताना तू एकाचंच ऐकायचं ठरवलंस तरी शेजारच्याचा शब्द कानात शिरतो, तसं. म्हणून मी गळतीची तपासणी लिहिली. दिसलेला ठिपका खरा त्याच थरातला आहे की सोबतच्या सातांपैकी कुणाचा, हे ती शोधायची. तिला वीस मिनिटं लागायची. वीस मिनिटं! तुझ्या गिऱ्हाइकाला तेवढ्यात चहाही संपवता आला नसता. "ताई, लोकांना वेग हवाय," म्हणालास, आणि तपासणी काढून टाकून मशीन विकायला निघालास. मी त्या दिवशी तुला जे म्हणाले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. उलट दोन-तीन नवे सुचलेत.

इथे तुला एक भक्त मात्र मिळालाय. मेंदूचे मोठे डॉक्टर. यांनी पहिल्या आठवड्यात एकदाच बाबांची पापणी वर केली, बोट डावीकडे-उजवीकडे फिरवलं, "प्रतिसाद नाही" असं लिहिलं आणि हात धुतले. त्यानंतर बाबांच्या डोळ्यांशी रुग्णालयाचा संबंध उरला तो मलम आणि चिकटपट्टीपुरता, बुबुळं सुकू नयेत म्हणून. तुझी फिल्म बघून आता तेच डॉक्टर व्हरांड्यात मला थांबवून म्हणतात, "मला आधीपासून शंका होतीच." कोणती शंका, ते सांगत नाहीत. तू बाबांना विमानाने तुझ्या केंद्रात नेणार, मे महिन्यात परिषदेच्या मंचावर प्रश्नोत्तरं करणार, हेही त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांना आमंत्रण आहे म्हणे. पहिल्या रांगेत.

बाबांना मंचावर! ज्या माणसाने शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा व्हायचं टाळायला ताप आल्याचं सोंग केलं, त्याला!

कच्चा डेटा पाठव. या वेळी मी नुसती बहीण म्हणून मागत नाही. रुग्णालयाच्या समितीकडून मागणीपत्र काढलंय, प्रत सोबत आहे. नकार दिलास तर नकारही फिल्म काढून दाखव, संगीतासकट.

ताई


१८ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

डिस्क मिळाली. पाठवणाऱ्याने, म्हणजे तुझ्या कुणा इंजिनियरने, वर "काळजीपूर्वक हाताळा" असं लिहिलंय. हाताळली.

आधी बसून घे.

एक. प्रश्न तीन नव्हते, पाच होते. पहिला, माझा आवाज येतोय का? दुसरा, वायरमनचं काम होतं का? तिसरा, तुम्ही शाळेत मास्तर होतात का? हा खोटा प्रश्न, नाही हे उत्तर येतं की नाही ते बघायला टाकलेला. शाब्बास, एवढं तरी शिकलास माझ्याकडून. चौथा, कुठे दुखतंय का? पाचवा, अभिमान. आता उत्तरं बघू. आवाज येतोय का, याला ठिपका नाही. म्हणजे नाही. मास्तर होतात का, याला ठसठशीत ठिपका. म्हणजे हो. तर तुझ्या मशीनच्या मते ज्यांना तुझा आवाज येत नाही असे आपले बाबा, जन्मभर शाळेत मुलांना गणित शिकवून, तुझ्या अभिमानाने फुललेत. ही दोन उत्तरं तू कापलीस. कात्री चालवताना हात थरथरला का रे? की तेही काम पगारी माणसाने केलं?

दोन. माझी गळतीची तपासणी लावली. वीस मिनिटं थांबले, मेले नाही. तो केशरी ठिपका हाताच्या जागेचा नाहीच. हाताचा थर आणि खूप खालचा डोळ्यांचा थर तुझ्या आठांच्या एकाच गटात होते, एकाच क्षणी टिपलेले. बुबुळं हलली की तिथला सिग्नल हेलकावतो आणि गळून थेट वरच्या थरात, हाताच्या जागी येऊन पडतो. बाकीच्या थरांतही त्याची भुतं आहेत. ती तू रंगवली नाहीस, एवढंच. बाबांनी हात उचलल्याची कल्पना केली नाही. बेशुद्ध माणसाची बुबुळं पापणीखाली इकडेतिकडे फिरतात, कुणाचीही फिरतात, आणि तू त्यावर व्हायोलिन वाजवलंस.

समितीपुढे हे मांडलं. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच." या माणसाची शंका नक्की राहते कुठे, आणि भाडं देते का?

मग घरी आईला समजावलं. तिला थर कळत नाहीत, गळती कळते. स्वयंपाकघराचं छत वर्षभर गळत होतं, पाणी पडायचं ओट्यावर आणि फुटलेला पाइप निघाला न्हाणीघरात. म्हटलं, आई, तसंच. ठिपका इथे दिसतोय, आलाय भलतीकडून. तिने बराच वेळ त्या छताच्या डागाकडे बघितलं.

"म्हणजे ते काहीच म्हणाले नाहीत?"

"नाही."

"त्याचा अभिमान वाटतो असंही नाही म्हणाले?"

"नाही, आई."

"मग त्याला कळवू नकोस हो," म्हणाली. "वाईट वाटेल त्याला."

मी कळवते आहे. तिने काल सही केली. दुपारी पेपर उघडला नाही. तिचा तो चेहरा मी तुझ्या हिशेबात लिहून ठेवलाय, इतर सगळ्याच्या वर.

आता यंत्रांची परवानगी देणाऱ्या खात्याकडे तुझी तक्रार करणार आहे. तुझं मशीन निदान माणसांजवळ तरी येऊ नये म्हणून. दोन-चार आलेख काढायचे राहिलेत, तेवढे झाले की पाठवते. सुखी राहा.

ताई


२४ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

हे रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं येईल. वाच.

तक्रारीसाठी मला एक शेवटचा आलेख हवा होता. बुबुळं वाटेल तेव्हा फिरतात, प्रश्नांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे दाखवलं की तुझं दुकान कायमचं बंद. पुराव्याची गरजही नव्हती, पण मला तुला पुरतं आडवं करायचं होतं. म्हणून डोळ्यांचा थर घेतला आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाने बुबुळ कुठे होतं ते मांडत गेले.

ती वाटेल तेव्हा फिरत नव्हती. ती इकडेतिकडे फिरतच नव्हती. सरळ वर जायची, वर थांबायची, खाली यायची. पूर्ण चित्रणात तीनदाच. मधला सगळा वेळ स्थिर.

मी ते बघत बसले. मग शिडी दिसली मला. स्क्रू दिसले.

मग एक काम केलं, ते तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. माझं नोव्हेंबरचं चित्रण उघडलं. माझं स्वच्छ, सावकाश चित्रण, ज्यात कुणी नव्हतं. आपण सगळे काय करतो ते तुला ठाऊक आहे. हिशेबाच्या पहिल्याच पायरीला मेंदू सोडून बाकी सगळं कापून टाकतो. कवटी, कातडी, डोळे. डोळे म्हणजे मेंदू नव्हे, कचरा. मी न कापलेली मूळ चित्रं काढली. अडीच सेकंदांत पुसट येतं, पण येतं. मी प्रश्न विचारलेत, आणि ते दर वेळी वर बघतायत. बाबा तेव्हाही बोलत होते. तुझं घाणेरडं, गळकं, घाईचं मशीन चुकून जे दाखवून गेलं ते माझ्या हुशारीने पहिल्याच पायरीला कापून फेकलं होतं. हात सोड, पाय सोड, जीभ सोड, गुठळीने या माणसाकडे एवढी एक हालचाल ठेवली होती, वर बघायची. आणि आपण त्या डोळ्यांवर चिकटपट्टी लावली.

हे परवा दुपारी कळलं. बाबांना आदल्या दिवसापासून ताप होता. छाती पुन्हा भरली होती. मी धावत वॉर्डात पोचले तर आई त्यांचा हात धरून बसलेली, आणि वॉर्डची डॉक्टरीण अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता फार वेळ नाही. बोलून घ्या काय ते."

"व्हेंटिलेटर आणा," म्हटलं.

"पण तुमचं ठरलंय ना? सही आहे आईंची."

"त्यांना विचारायचंय."

"कुणाला?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी बाबांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या ओढून काढल्या. भुवईचे केसही आले असतील. पापण्या बोटांनी वर धरल्या. बुबुळं समोर, मलमाने धूसर. "बाबा, मी ताई. ऐकू येत असेल तर वर बघा. शिडीवरून बघायचात तसं."

काही नाही. डॉक्टरीण माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ताई, असं होतं नातेवाइकांचं." मी तिला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, तुलाही तेच म्हणते नेहमी. आई म्हणाली, "जरा थांब गं, त्यांना वेळ लागतो. जेवायला हाक मारली तरी कधी लगेच आलेत?"

आणि मग बुबुळं वर गेली. इतकी हळू, की मला वाटलं माझाच हात हलला.

"बाबा, घशात परत नळी घालावी लागेल. त्रास होईल. घालू?"

मी थांबले. मॉनिटर ओरडत होतं, त्याचा आवाज कुणीतरी बंद केला. मला या जगात कुठल्याही आकड्याची एवढी वाट बघावी लागली नाही. आणि बाबांनी वर बघितलं. वर बघून तिथेच राहिले, मला नीट दिसेपर्यंत.

मी ओरडले. चारचौघांत, गळा काढून. आईने सहीचा कागद मागितला आणि फाडला, आणि नर्सला म्हणाली, "केर कुठे टाकता?"

आता ते व्हेंटिलेटरवर आहेत. ताप उतरतोय. वाचतील बहुतेक.

तू बरोबर होतास असं समजून हुरळू नकोस. तू चुकलास. तुझा ठिपका खोटा, तुझी पद्धत खोटी, आणि तक्रार मी पाठवणारच आहे. गाढव तू होतास आणि आहेस. फक्त त्या रांगेत तुझ्या पुढे मी उभी आहे, आणि माझ्या तोंडून "आत कुणी नाही" हे त्या माणसाने चार वेळा ऐकलंय, खाटेवर पडून, माझ्याकडे बघता येत नसताना.

ताई


९ मार्च

भिंगऱ्या,

तू फोन केलास. आईशी बोललास, माझ्याशी नाही. ठीक आहे, मीही उचलला नसता. आई म्हणते, तू रडलास आणि मग विचारलंस, "म्हणजे फिल्म खरी होती ना?" रडून झाल्यावर तरी थोडं थांबायचंस रे हा प्रश्न विचारायला.

बाबांची बातमी. व्हेंटिलेटर निघालं. पट्ट्या निघाल्या, आता दर तासाला डोळ्यांत थेंब घालतात. आईने जाड पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिलीत आणि ती एकेका अक्षरावर बोट ठेवत जाते. हवं ते अक्षर आलं की बाबा वर बघतात. पहिला अख्खा शब्द लागायला सकाळ गेली. आई आधीच रुमाल काढून बसली होती. शब्द आला "पंखा". बंद करायचा होता. गार वारा लागत होता म्हणे, सप्टेंबरपासून.

मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी आज वर बघून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "मला आधीपासून..." आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी बाबांना विचारलं, "मी जे बोलले उशाशी, ते ऐकलंत?" वर. "रागावलात?" बराच वेळ काही नाही. काहीच नाही म्हणजे नाही, आपल्या घरात. पण मी तरीही आणखी थांबून बघितलं, उगाच, खात्रीसाठी. मग विचारलं, "पुठ्ठा हवाय?" वर. आला शब्द: "बरं".

आता कामाचं. हे वाचताना उभा असलास तर या वेळीही बस.

मी इथे रोज प्रश्न विचारते आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मला आता माहीत आहे. फार लागतो. ऐकायचं, समजायचं, मग ते दगडासारखे डोळे उचलायचे. काल संध्याकाळी तुझी डिस्क पुन्हा उघडली. तू प्रश्नांमध्ये बारा सेकंद ठेवले होतेस. बारा! अर्ध्या सेकंदात मेंदू टिपणाऱ्या माणसाला बारा सेकंद म्हणजे युग वाटलं असणार. बाबांचं उत्तर त्यात कधीच मावलं नाही. प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाच्या वेळेत जाऊन पडलंय. तू ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर समजलास.

प्रत्येक उत्तर एक घर मागे सरकव आणि वाच. माझा आवाज येतोय का? हो. वायरमन होतात का? हो. मास्तर होतात का? नाही. सगळं जागच्या जागी बसतं. जी दोन उत्तरं तू लाजून कापलीस ती चुकीची नव्हतीच. तुझ्या मशीनने तुला भिंतीएवढ्या अक्षरांत खरं सांगितलं, आणि तू घाईने ते चुकीच्या प्रश्नाखाली वाचलंस.

कुठे दुखतंय का? हो. फिल्ममध्ये यावर तू "नाही" लिहिलंस आणि लोकांनी हुश्श केलं. त्यांना दुखत होतं. मी कुठे ते विचारून घेतलं. डाव्या टाचेखाली जखम आहे, पाय सरळ ठेवायला बांधलेली ती फळी घासून. मोज्याच्या आत. आता फळी काढली, मलमपट्टी चालू आहे. तुझ्या फिल्ममध्ये तो पाय दिसतो. मी पुन्हा बघितला.

आणि शेवटचं. अभिमान वाटतो का, याखाली तू जो "हो" छापलास, तो टाचेचा आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं. डिस्कभर शोधलं. नाही. म्हणजे नकार नव्हे, नीट वाच, उत्तरच नाही. पाचवा प्रश्न विचारून बारा सेकंद झाल्याबरोबर तू मशीन बंद केलंस. शेवटच्या दोन-तीन चित्रांत बुबुळं नुकतीच जराशी हललीत, पण ती वर निघालीत की टाचेच्या उत्तरानंतर खाली येतायत, ते मला सांगता येत नाही. मी सगळं गणित लावून पाहिलं. पुढचं चित्रच नाहीये. त्यांचं उत्तर आलं की नाही, आलं तर कोणतं, हे बोगद्यात एकट्या बाबांना माहीत, आणि तू तोवर कॅमेऱ्याकडे वळून रडायला लागला होतास.

मी त्यांना हल्ली सगळं विचारते. पाणी, पंखा, कूस, रेडिओ. "भिंगऱ्याला बोलवू का?" हेही विचारलं. डोळे हलले नाहीत. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. पण थांबायची सवय लागलीय आता. थांबले. मग डोळे वर गेले.

तो अभिमानाचा प्रश्न मात्र मी विचारलेला नाही, आणि आईलाही विचारू दिलेला नाही. तो तुझा आहे. तू ये. कॅमेरा आणू नकोस, निळा कोट आणू नकोस, मशीन तर मुळीच नको. खाटेशेजारी एक स्टूल आहे, त्यावर बस. त्यांच्या डोळ्यांत बघून विचार काय विचारायचंय ते.

आणि मग, भिंगऱ्या, थांब.

ताई